नळी जठरात, सांभाळ घरात

गिळण्याची शक्ती गेलेल्या रुग्णाला अन्न मिळावे म्हणून पोटाच्या कातडीतून थेट जठरात जी नळी बसवली जाते, तिला रुग्णालयांत सर्रास ‘पेग’ म्हणतात. पर्क्युटेनियस एंडोस्कोपिक गॅस्ट्रोस्टोमी या लांबलचक नावाचे ते आद्याक्षरी रूप असून, तोंडावाटे दुर्बीण जठरात उतरवायची, तिच्या उजेडाने पोटावरची योग्य जागा हेरायची, तेथे बारीक छेद घ्यायचा आणि नळी आतून बाहेर ओढून घ्यायची, असे त्या क्रियेचे सर्वसाधारण स्वरूप आहे. पोट उघडून जठराला छिद्र पाडण्याचा पहिला प्रयत्न फ्रान्समध्ये सेदियो या शल्यविशारदाने 1849 साली केला होता आणि तो रुग्ण वाचला नव्हता. पोट न उघडता, दुर्बिणीच्या साहाय्याने नळी बसवण्याची रीत अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे मायकेल गॉडरर आणि जेफ्री पॉन्स्की यांनी 1979 साली अवघ्या काही महिन्यांच्या बाळावर प्रथम वापरली आणि पुढच्याच वर्षी ती प्रसिद्ध केली. बाळांसाठी शोधलेली ही युक्ती पुढे प्रामुख्याने वृद्धांवर वापरली जाऊ लागली, आणि तिच्याविषयीचे बहुतेक वाद या स्थित्यंतरातून निर्माण झाले आहेत.

दिल्ली आणि तिच्याभोवतीची गाझियाबाद, नोएडा, फरीदाबाद, गुरुग्राम ही शहरे या वादाचे उघड क्षेत्र ठरतात, कारण एम्ससारख्या संस्थांत उत्तर प्रदेश, बिहार, हरियाणापासून रुग्ण येतात, अपघातात डोक्याला मार बसलेले, पक्षाघाताने घसा लुळा पडलेले, तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग झालेले रुग्ण येथे नळी बसवून घेतात, आणि मग ती नळी घेऊन एखाद्या धर्मशाळेत, सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये किंवा हजार किलोमीटरवरच्या गावी परततात. पुढील संवादातील पोटविकारतज्ज्ञ नळी बसवतो आणि परिचारिका घरोघरी जाऊन ती सांभाळते. दोघेही विशिष्ट व्यक्ती नसून या क्षेत्रात प्रत्यक्ष आढळणाऱ्या दोन भूमिका आहेत.

पोटविकारतज्ज्ञ : सिस्टर, या नळीच्या गुंतागुंतींची चर्चा सुरू झाली की लोकांच्या मनात आधी भीती घर करते, आणि त्या भीतीपायी रुग्ण महिनोन्‌महिने नाकातल्या रायल्स ट्यूबवर पडून राहतो, हे खरे नुकसान आहे. नाकावाटे जठरात जाणारी ती बारीक नळी काही आठवड्यांसाठी उत्तम असते. पण त्याहून अधिक काळ ठेवली तर नाकपुडीला जखम होते, सायनस सुजतात, गोंधळलेला रुग्ण ती उपसून काढतो आणि पुन्हा घालताना ती जठराऐवजी श्वासनलिकेत जाण्याचा धोका दर वेळी नव्याने पत्करावा लागतो. गिळण्याची अडचण चार आठवड्यांपेक्षा अधिक टिकणार असे दिसत असेल तर पोटातली नळी हाच सरळ मार्ग आहे. मोटर न्यूरॉनच्या आजारात तर उशीर हीच मोठी गुंतागुंत ठरते, कारण फुप्फुसांची क्षमता निम्म्यावर येण्याआधी नळी बसवली तर क्रिया निभावते, आणि त्यानंतर भूल, दुर्बीण, आडवे झोपणे हे सारेच श्वासाला जड जाते.

परिचारिका : डॉक्टर, नाकातली नळी लांबवू नये, याविषयी दुमत नाही. प्रश्न असा, की पोटातली नळी बसवताना तिच्या धोक्यांचा जो हिशेब सांगितला जातो, तो नेमका कुठवर मोजलेला असतो?

पोटविकारतज्ज्ञ : तो हिशेब बऱ्यापैकी स्पष्ट आहे. क्रियेमुळेच रुग्ण दगावण्याचे प्रमाण साधारणपणे 1 टक्क्याच्या आत राहते. छिद्राभोवती जंतुसंसर्ग होणे ही अधिक वेळा दिसणारी गोष्ट असून, क्रियेआधी प्रतिजैविकाची एक मात्रा शिरेतून दिल्याने ती लक्षणीय घटते. रक्तस्राव क्वचित होतो. जठर आणि पोटाची भिंत यांच्यामध्ये मोठ्या आतड्याचा वेढा आला आणि सुई त्यातून गेली तर आतडे आणि कातडी यांना जोडणारा चुकीचा मार्ग, म्हणजे नालव्रण, तयार होतो. तो दुर्मीळ असला तरी गंभीर असतो. क्रियेनंतर पोटाच्या पोकळीत थोडी हवा दिसणे मात्र इतके नेहमीचे आहे, की रुग्णाला ताप किंवा पोटदुखी नसेल तर केवळ एक्स-रे पाहून कोणी घाबरू नये. नळी बसवलेल्यांपैकी अनेक जण महिन्याभरात दगावतात हेही खरे, पण ते बहुतांशी मूळ आजाराने, नळीने नव्हे.

परिचारिका : या सगळ्या गोष्टी रुग्णालयाच्या भिंतींच्या आत घडतात आणि तेथे त्यांची नोंद होते. घरी घडणाऱ्या गोष्टी मात्र बहुधा कोणत्याच कागदावर उतरत नाहीत. नळीच्या दोन्ही टोकांचा विचार करा: आत जठराच्या भिंतीला टेकलेली एक गोल चकती असते, तिला बम्पर म्हणतात, आणि बाहेर कातडीवर दुसरी चकती असते, जी नळीवरून मागेपुढे सरकवता येते. या दोन चकत्यांमध्ये पोटाची भिंत हलकेच धरलेली असावी आणि बाहेरची चकती व कातडी यांच्यात साधारण एक सेंटीमीटर मोकळीक असावी, एवढाच नियम आहे. घरी काय होते, तर छिद्रातून थोडे अन्न आणि जठरातला आम्लरस पाझरू लागतो, भोवतीची कातडी लालबुंद होते, चादर भिजते. घरच्यांना किंवा अटेंडंटला वाटते, की बाहेरची चकती सैल झाली म्हणून गळते आहे, आणि ते ती घट्ट दाबून बसवतात. हेतू चांगलाच असतो, पण परिणाम नेमका उलटा होतो. घट्ट ओढलेला आतला बम्पर जठराच्या अस्तरावर दाब देत राहतो, तेथला रक्तपुरवठा तुटतो, अस्तर झिजते आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बम्पर जठराच्या भिंतीतच रुतत जातो, वरून नवे अस्तर चढते आणि नळीचे तोंड बंद होते. मग अन्न आत जाण्यास अडते, अधिक जोराने ढकलले जाते, अधिक गळते, आणि पुन्हा चकती आवळली जाते.

पोटविकारतज्ज्ञ : बम्पर रुतण्याचे हे वर्णन अचूक आहे, आणि ते टाळण्याचा उपायही तितकाच सोपा आहे. छिद्र नीट भरून आले की आठवड्यातून किमान एकदा बाहेरची चकती सोडवायची, नळी दोन-तीन सेंटीमीटर आत सरकवायची, गोल फिरवायची आणि पुन्हा मूळ खुणेवर आणून मोकळीक ठेवून बसवायची. नळीवर सेंटीमीटरच्या खुणा छापलेल्या असतात. छिद्राशी कोणता आकडा आहे, तो पहिल्या दिवशीच लिहून ठेवला तर नळी आत गेली की बाहेर आली, हे कोणालाही कळते. सुटी देताना हे सगळे सांगितले जाते.

परिचारिका : सांगितले जाते, पण कोणाला? दिल्ली परिसरातल्या मध्यमवर्गीय घरांत रुग्णाजवळ एजन्सीने पाठवलेला अटेंडंट बारा-बारा तासांच्या पाळीने बसतो आणि काही आठवड्यांत बदलतो. रुग्णालयात ज्या मुलाला किंवा सुनेला समजावून सांगितले, ती व्यक्ती दिवसभर नोकरीवर असते. सूचनांचा कागद इंग्रजीत असतो आणि नळी हाताळणारा माणूस हिंदीही जेमतेम वाचतो. त्यामुळे ज्ञान एका माणसाकडे आणि नळी दुसऱ्याच्या हाती, अशी स्थिती राहते. छिद्राशी नेमका कोणता आकडा असावा, हे घरात कोणालाही सांगता येत नाही, असे वारंवार दिसते.

येथे परिचारिकेचे म्हणणे अधिक वजनदार ठरते, असे मानल्यावाचून गत्यंतर नाही. वैद्यकीय वाङ्मयात गुंतागुंतींचे ‘गंभीर’ आणि ‘किरकोळ’ असे दोन गट पाडण्याची प्रथा आहे, आणि छिद्रातून गळणे, नळी तुंबणे, छिद्राच्या काठावर लालसर, सहज रक्त येणारे मांसांकुर वाढणे या गोष्टी किरकोळ गटात जातात. पण सतत गळणाऱ्या छिद्रामुळे दिवसातून अनेकदा कपडे बदलावे लागणाऱ्या आणि आम्लाने पोळलेल्या कातडीच्या वेदना सोसणाऱ्या रुग्णाला, किंवा त्याची सेवा करणाऱ्या पत्नीला, ही वर्गवारी लागू पडत नाही. तिचे महिने याच किरकोळ गोष्टींत जातात.

पोटविकारतज्ज्ञ : मग नळी निसटण्याचा प्रश्न घेऊ, कारण तेथे घरच्यांना भीती वाटायला हवी आणि नेमकी तेथेच ती वाटत नाही. टोचलेल्या कानातले कुडूक काढून ठेवले की छिद्र बुजते, तसेच हे छिद्रही काही तासांत आकसू लागते, म्हणून घरचे लोक घाईने निसटलेली नळी स्वतःच परत घालतात. नळी बसवून काही महिने झालेले असतील, तर कातडीपासून जठरापर्यंतचा मार्ग पक्का झालेला असतो आणि प्रशिक्षित हाताने दुसरी नळी लगेच घालणे योग्यच ठरते. पण पहिल्या चार आठवड्यांत हा मार्ग कच्चा असतो, जठर पोटाच्या भिंतीला पुरते चिकटलेले नसते. अशा वेळी डोळे मिटून ढकललेली नळी जठरात न जाता पोटाच्या पोकळीत जाते, आणि त्यातून अन्न दिले की उदरावरणाचा दाह होतो, ज्याला पेरिटोनायटिस म्हणतात आणि जो जिवावर बेततो. म्हणून कच्च्या मार्गातली नळी निसटली तर तिला घरी हात लावायचा नाही, अन्न-पाणी बंद ठेवायचे आणि रुग्णालय गाठायचे. आणि नवी नळी घातल्यावर ती जठरातच आहे, याची क्ष-किरणांनी दिसणारे औषध सोडून खात्री करून घ्यायची.

परिचारिका : गाझियाबादहून रुग्णालय गाठता येते, पूर्णियाहून किंवा गोरखपूरजवळच्या खेड्यातून ते कसे गाठायचे? कर्करोगावर किरणोपचार घेऊन गावी गेलेल्या रुग्णाची नळी तेथे निसटते, आणि जवळच्या दवाखान्यात जे हाताशी असते, ते छिद्रात घातले जाते. हाताशी बहुधा लघवीसाठी वापरला जाणारा फोलीज कॅथेटर असतो. छिद्र उघडे ठेवण्यासाठी तो चालतो, हे मान्य. पण त्याला बाहेरून अडवणारी चकती नसते. जठराच्या लाटांबरोबर त्याचा फुगवलेला फुगा पुढे सरकतो आणि जठराच्या खालच्या दाराशी, जेथून अन्न लहान आतड्यात उतरते, तेथे जाऊन बसतो. मग रुग्ण उलट्या करू लागतो आणि नातेवाइकांना वाटते, की अन्नच पचत नाही. कॅथेटर बाहेरून पट्टीने पक्का बांधून, तो छिद्राशी किती आत आहे याची खूण करून ठेवली, तर हे टळते. इतकी छोटी गोष्ट कोणी सांगितलेली नसते.

पोटविकारतज्ज्ञ : सिस्टर, तुम्ही सांगता तो दोष नळीचा म्हणता येणार नाही, अंतराचा आणि व्यवस्थेचा आहे.

परिचारिका : रुग्णाला तो दोष वेगळा करून अनुभवता येत नाही, डॉक्टर.

पोटविकारतज्ज्ञ : हेही खरेच. पण मग अन्नाविषयीचा सर्वांत रूढ गैरसमज तुमच्या बाजूनेही दूर व्हायला हवा. अन्न किंवा थुंकी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ नये म्हणून पोटात नळी बसवा, असे अनेक घरांत समजतात आणि कधी कधी डॉक्टरही तसे सुचवतात. पोटातली नळी हे थांबवत नाही. तोंडातली लाळ खाली उतरतच राहते, जठरातले अन्न उलट वर येऊ शकते, आणि आडव्या पडलेल्या रुग्णाला एकदम मोठी मात्रा दिली तर ते वर येतेच. अन्न देताना आणि नंतर अर्धा-पाऊण तास धड 30 ते 45 अंशांत उंच ठेवणे, मात्रा सावकाश सोडणे आणि तोंडाची स्वच्छता राखणे हेच उपाय आहेत. ज्याच्या पोटात दिवसेंदिवस काही गेलेले नाही अशा रुग्णाला पहिल्या दिवशीच भरपूर अन्न देणे तर आणखी धोक्याचे, कारण उपाशी शरीरात एकाएकी साखर आली की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढले जातात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात.

परिचारिका : याला घरातून आणखी एक जोड द्यावी लागते. तयार पावडरीचे डबे अनेकांना परवडत नाहीत, म्हणून डाळ, भात, दूध, अंडे, सत्तू मिक्सरमधून काढून दिले जाते आणि त्यात गैर काही नाही. पण ते मलमलीच्या फडक्यातून गाळले नाही तर नळी तुंबते. दिल्लीच्या मे-जूनमध्ये पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा सकाळी केलेले मिश्रण ओट्यावर दुपारपर्यंत ठेवले तर नासते आणि जुलाब सुरू होतात. तेव्हा दोष नळीला दिला जातो. गोळ्यांची कथा याहून वाईट आहे. सगळ्या गोळ्या एकत्र कुटून दिल्या जातात, आणि त्यांतच औषध सावकाश सुटावे म्हणून बनवलेली गोळीही कुटली जाते, म्हणजे दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते. इसबगोल तर नळीत फुगून दगडासारखा बसतो. प्रत्येक औषध वेगळे द्यावे, आधी आणि नंतर 30 मिलिलिटर कोमट पाणी सोडावे, आणि तुंबलेली नळी तार घालून मोकळी करू नये, एवढे पाळले तरी निम्म्या अडचणी येत नाहीत.

या टप्प्यापर्यंत दोघांतला मतभेद नळी कशी सांभाळावी याविषयीचा होता, आणि तो खरे तर फार खोल नव्हता. नळी कोणाला बसवावी, हा प्रश्न आला की तो खोल जातो.

परिचारिका : स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या अवस्थेतला रुग्ण तोंड मिटून घेतो, घास गालात धरून ठेवतो, वजन घटते, आणि नळी बसवली जाते. त्या नळीने आयुष्य वाढते, न्यूमोनिया टळतो किंवा अंगावरच्या जखमा भरतात, याला आधार मिळालेला नाही. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीने 2014 साली अशा रुग्णांना नळी न बसवता हाताने, प्रेमाने, जमेल तेवढे भरवण्याची शिफारस केली. उलट नळी बसवल्यावर रुग्ण ती उपसू लागतो, म्हणून त्याचे हात पलंगाला बांधले जातात. बांधलेले हात गुंतागुंतींच्या कोणत्या रकान्यात लिहायचे? मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिकांनी अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांना दशकानुदशके भरवले, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण उठू दिला नाही, याचा गौरव सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात केला. भरवणे ही परिचर्या आहे आणि तिला कौशल्य लागते, पण नळी आल्यावर ती सर्वांत आधी बंद होते.

पोटविकारतज्ज्ञ : केईएममध्ये एका रुग्णामागे परिचारिकांची एक पूर्ण परंपरा उभी होती. नोएडातल्या सोळाव्या मजल्यावर एक वृद्ध पत्नी आणि एक अटेंडंट असतो; एक वाटी भरवायला तास-तास लागतो, ठसका लागतो, आणि मुलगा परदेशातून फोनवर विचारतो, ‘आईला उपाशी ठेवायचे का?’ त्या प्रश्नाला संशोधनाचा हवाला देणे सोपे नाही. आणि सर्वांनाच एका मापाने मोजू नका. पक्षाघातात नळी घाईने बसवू नये, हे 2005 साली प्रसिद्ध झालेल्या ‘फूड’ चाचणीने सुचवले; त्यात 321 रुग्णांपैकी ज्यांना सुरुवातीलाच पोटात नळी बसवली, त्यांची अवस्था नाकातल्या नळीवाल्यांपेक्षा वाईट निघण्याकडे कल दिसला. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे नाकातली नळी. पण घशाच्या कर्करोगाचा रुग्ण, जो किरणोपचार संपल्यावर पुन्हा जेवणार आहे, त्याला हीच नळी उपचार पुरे करण्याचे बळ देते, आणि मग ती काढून टाकता येते.

परिचारिका : ‘काढून टाकता येते’ हे शब्द कर्करोगाच्या रुग्णापाशी बोलले जातात, बाकीच्यांपाशी कोणीच बोलत नाही. गाझियाबादचा जो तरुण 2013 साली इमारतीवरून पडून कायमचा जाणीवशून्य झाला, त्याच्या आईवडिलांनी नळीवरचे आयुष्य संपवण्याची परवानगी मागितली, तेव्हा जुलै 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती नाकारली, कारण तो कोणत्याही यंत्रावर नाही, बाहेरच्या साहाय्यावाचून जगतो आहे, असे न्यायालयाला दिसले. म्हणजे जी नळी सांभाळण्यात त्या घराने वर्षे घालवली, ती साहाय्य म्हणूनही मोजली गेली नाही. मार्च 2026 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नळीवाटे दिले जाणारे अन्न हा वैद्यकीय उपचार आहे असे मानून तो थांबवण्यास मुभा दिली, पण तोवर तेरावे वर्ष सुरू झाले होते.

पोटविकारतज्ज्ञ : त्या निकालातून प्रत्येक घराने नळी काढावी, असा अर्थ निघू नये. उपचार थांबवण्याविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल, 2023 मध्ये सुलभ केलेली त्याची प्रक्रिया, दोन स्वतंत्र वैद्यकीय मंडळांचे मत, हे टप्पे रुग्णाच्या रक्षणासाठी आहेत, आणि ज्या समाजात वृद्धांचा खर्च नकोसा होऊ शकतो, तेथे ते हवेतच.

परिचारिका : हवेतच. मागणी एवढीच आहे, की नळी बसवण्याच्या संमतिपत्रावर रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांच्या जोडीने आणखी तीन ओळी असाव्यात: नळी घरी कोण सांभाळणार, ती निसटली तर रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा, आणि तिचा उपयोग होतो आहे का, हे कोणत्या महिन्यात पुन्हा पाहायचे.

पोटविकारतज्ज्ञ : पहिल्या दोन ओळी उद्यापासून लिहिता येतील, आणि त्या हिंदीतही छापता येतील. तिसरी ओळ संमतीच्या वेळी वाचून दाखवली, तर हवालदिल नातेवाइकांना असे वाटेल, की डॉक्टरांनी आशाच सोडली, आणि ज्याला नळीचा नक्की फायदा आहे असा रुग्णही ती न बसवताच घरी नेला जाईल. ती ओळ पहिल्या तपासणीला, महिन्याभराने विचारावी.

परिचारिका : महिन्याभराने जो रुग्ण तपासणीला परत येत नाही, त्याच्यासाठीच ती ओळ आहे, डॉक्टर. ती पहिल्याच दिवशी लिहावी लागेल.